‘स्वयंशिक्षित’ या विशेषणाची चिकित्सा : जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवादनाची घडण, तंत्र आणि आकांक्षा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात ‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण ज्या वादकांच्या नावामागे हमखास लावले जाते, त्यांत अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (१९४२–१९७०) याचे स्थान अग्रभागी आहे. त्याने कोणत्याही संगीतशाळेत शिक्षण घेतले नाही, त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, आणि त्याची जागतिक कीर्ती सप्टेंबर १९६६ ते सप्टेंबर १९७० अशा अवघ्या चार वर्षांत सामावलेली आहे. या तीन गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे हेंड्रिक्स हा निसर्गाने घडविलेला, परंपरेबाहेरचा आणि जवळजवळ अपघाताने प्रकटलेला प्रतिभावंत होता, हा तपासून पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात हेंड्रिक्सची घडण, त्याचे वादनतंत्र आणि अखेरच्या काळातील त्याची आकांक्षा यांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

गुरूवाचून मिळविलेली विद्या म्हटले की आपल्या मनात एकलव्याची कथा उभी राहते. ही उपमा येथे फारशी उपयोगाची नाही. एकलव्याने अरण्यात एकट्याने साधना केली. हेंड्रिक्स मात्र चारचौघांत, पोटासाठी नोकरी करीत, मालकांची बोलणी खात शिकला. त्याला शिकविणारी माणसे पुष्कळ होती. त्यांना शिक्षक म्हणण्याची पद्धत नव्हती, एवढेच. ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने वादकाचा गौरव होतो खरा, पण त्याच शब्दाने ही सारी माणसे इतिहासाच्या पानावरून पुसली जातात. ती माणसे बहुतांशी कृष्णवर्णीय, श्रमजीवी आणि वर्णभेदाच्या काळात उपजीविका करणारी होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

हेंड्रिक्सविषयीच्या चरित्रलेखनातही हा बदल क्रमाने झालेला दिसतो. चार्ल्स शार मरे यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याला कृष्णवर्णीय संगीताच्या दीर्घ परंपरेत बसवून पाहिले. चार्ल्स क्रॉस यांचे २००५ मधील चरित्र त्याच्या सिअॅटलमधील बालपणाचा आणि उमेदवारीच्या वर्षांचा बारकाईने मागोवा घेते. तरीही सर्वसाधारण लेखनात आणि प्रसारमाध्यमांत जुनीच प्रतिमा अधिक प्रभावी आहे.

सिअॅटल ते नॅशव्हिल : कानाची शाळा

हेंड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील सिअॅटल येथे झाला. वडील अ‍ॅल बागकामाची मजुरी करीत. आई ल्युसिल १९५८ मध्ये निवर्तली. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. शाळकरी वयात तो केरसुणी गिटारसारखी धरून फिरत असे, ही हकिगत सर्व चरित्रकारांनी दिली आहे. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका घरातील अडगळ काढताना त्याला एक टाकून दिलेले युकुलेली सापडले. त्याला एकच तार होती. त्या एका तारेवर तो रेडिओवर ऐकलेली गाणी वाजवू लागला.

या एकतारी वाद्याकडे चरित्रकार करुणेने पाहतात. संगीताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. एकाच तारेवर चाल काढायची तर प्रत्येक स्वराचे स्थान कानाने शोधावे लागते; बोटांना ठरावीक आकृत्यांचा आधार मिळत नाही. पुस्तकावरून गिटार शिकणारा विद्यार्थी प्रथम स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, शिकतो आणि मग चालीकडे वळतो. हेंड्रिक्सचा क्रम उलट होता. आधी चाल, मग तिच्याभोवती स्वरसंघात. पुढे त्याच्या वादनात साथ आणि स्वतंत्र आलाप यांची सीमारेषा पुसट होत गेली, तिचे एक मूळ येथे असावे असे वाटते.

१९५८ मध्ये पाच डॉलरची एक जुनी गिटार त्याच्या हाती आली. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, एल्मोर जेम्स, बी. बी. किंग, चक बेरी हे त्याचे पहिले आदर्श. त्यांची भेट ध्वनिमुद्रिकांवरच होत असे. सप्टेंबर १९५७ मध्ये एल्विस प्रेस्लीचा कार्यक्रम सिअॅटलच्या क्रीडांगणात झाला तेव्हा तिकिटाला पैसे नसलेल्या या मुलाने तो जवळच्या टेकडीवरून पाहिला. पुढे एका स्थानिक वाद्यवृंदात त्याच्या साध्या गिटारचा आवाज इतरांच्या गोंगाटात ऐकूच येईना, तेव्हा १९५९ मध्ये वडिलांनी त्याला सुप्रो कंपनीची स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. एका ज्यू प्रार्थनामंदिराच्या तळघरात झालेल्या त्याच्या पहिल्याच कार्यक्रमात वाजविण्यापेक्षा मिरविणे फार, या कारणावरून त्याला मध्यंतरातच काढून टाकण्यात आले. अशी हकालपट्टी पुढेही अनेकदा झाली. ती त्याच्या शिक्षणाचाच भाग होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

१९६१ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि केंटकी राज्यातील फोर्ट कॅम्पबेल येथे छत्रीधारी दलात गेला. तेथून त्याने वडिलांना पत्र लिहून गिटार मागवून घेतली. सैन्यातून मुक्त होण्याचे कारण तो पुढे मुलाखतींत घोट्याची दुखापत असे सांगत असे; १९६२ ची लष्करी कागदपत्रे वेगळेच सांगतात. त्याच्या वरिष्ठांनी तो सेवेस अयोग्य असल्याची शिफारस करताना एक कारण असे नोंदविले की, कर्तव्यावर असतानाही या शिपायाचे चित्त गिटारवरच असते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी साधने क्वचितच मिळतात. दोषारोप म्हणून लिहिलेली ही ओळ आज त्याच्या रियाजाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरते.

याच छावणीत त्याला बिली कॉक्स हा बेसवादक मित्र भेटला. पावसापासून आडोसा घेण्यासाठी थांबलेल्या कॉक्सला आतून गिटारचे सूर ऐकू आले, आणि दोघांचे आयुष्यभराचे सख्य जुळले. सैन्य सोडल्यावर दोघे टेनेसी राज्यात, प्रथम क्लार्क्सव्हिल आणि मग नॅशव्हिल येथे राहू लागले. नॅशव्हिल हे श्वेतवर्णीयांच्या कंट्री संगीताचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि तेथील जेफर्सन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांच्या क्लबांची एक समृद्ध वसाहत होती. हेंड्रिक्सचे खरे विद्यापीठ हेच. तेथे जॉनी जोन्स या जाणत्या वादकाशी त्याने भर कार्यक्रमात चढाओढ मांडली आणि तो हरला. रस्त्यातून चालताना, चित्रपटाला जाताना, झोपतानाही गिटार जवळ बाळगणाऱ्या या तरुणाला तेथील लोकांनी डोके ठिकाणावर नसलेला अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. प्रतिभेच्या कथेत पराभवाला जागा नसते, म्हणून जोन्सचे नाव सहसा कोणी घेत नाही.

यानंतर सुमारे तीन वर्षे तो ‘चिटलिन सर्किट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळात फिरत होता. चिटलिन म्हणजे डुकराच्या आतड्यांचा पदार्थ, दक्षिणेकडील गरीब कृष्णवर्णीयांचे अन्न. वर्णभेदाच्या काळात ज्या नाट्यगृहांत व क्लबांत कृष्णवर्णीय कलावंतांना कृष्णवर्णीय प्रेक्षकांसमोर कला सादर करता येत असे, त्या ठिकाणांच्या साखळीला हे नाव पडले. १९६४ मध्ये आयझली ब्रदर्स, त्यानंतर लिटल रिचर्ड, पुढे कर्टिस नाइट, किंग कर्टिस अशा अनेकांच्या साथीला तो उभा राहिला. १९६५ मध्ये नॅशव्हिलच्या दूरचित्रवाणी केंद्रावर झालेल्या एका कार्यक्रमाची चित्रफीत उपलब्ध आहे. हेंड्रिक्सचे ते सर्वांत जुने चलच्चित्र मानले जाते. दोन गायकांच्या मागे, गणवेशात, सहकाऱ्यांच्या रांगेत तो पावले टाकीत वाजवितो आहे. पुढच्या हेंड्रिक्सला ओळखणाऱ्याला ते दृश्य विलक्षण वाटते.

या नोकरीत काय शिकायला मिळत असे? गायकाचा श्वास ओळखणे, त्याच्या दोन ओळींमधील रिकाम्या जागेत मोजका तुकडा टाकणे, गाण्याचा आराखडा कागदावाचून ध्यानात ठेवणे, आणि प्रेक्षक कंटाळताच नवे काही करून त्यांना धरून ठेवणे. दातांनी किंवा डोक्यामागे धरून गिटार वाजविणे हे प्रकार हेंड्रिक्सचे म्हणून जगाला माहीत झाले. टी-बोन वॉकरसारखे वादक ते कितीतरी आधीपासून करीत होते. लिटल रिचर्डच्या पथकात मुख्य गायकापेक्षा कोणी अधिक झळकू नये असा दंडक होता. उशिरा येणे आणि नियम मोडणे या कारणांवरून १९६५ मध्ये हेंड्रिक्सला तेथूनही जावे लागले.

या काळातील आणखी एका प्रभावाची दखल घेतली पाहिजे. शिकागोचा कर्टिस मेफिल्ड हाही स्वतःच्या कानाने शिकलेला गिटारवादक. त्याने पियानोच्या काळ्या पट्ट्यांनुसार गिटार लावली होती आणि ती लावणी त्याने कधी सोडली नाही. गाण्याच्या मागे हळुवारपणे हलत राहणारे, स्वरसंघातातून छोट्या चाली काढणारे त्याचे वादन हेंड्रिक्सने आत्मसात केले. ‘लिटल विंग’ किंवा ‘द विंड क्राइज मेरी’ या त्याच्या रचनांतील कोमलतेचा उगम मेफिल्डमध्ये आहे. हेंड्रिक्स म्हणजे केवळ प्रचंड आवाज असे मानणाऱ्यांनी या दोन रचना अवश्य ऐकाव्यात.

उलट्या वाद्याचे तंत्र

हेंड्रिक्स डावखुरा होता. डावखुऱ्यांची गिटार दुर्मीळ आणि महाग. म्हणून तो उजव्या हाताची गिटार उलटी धरी आणि तारांचा क्रम मात्र बदलून घेई, जेणेकरून खर्जाची तार वरच राहावी. अल्बर्ट किंग हा दुसरा डावखुरा ब्लूजवादक गिटार उलटी धरून तारा तशाच ठेवी. तार ढकलण्याऐवजी खाली ओढून स्वर चढविण्याची किंगची पद्धत आणि त्यातून येणारा आर्त स्वर हेंड्रिक्सने अभ्यासला होता. आपल्याकडील मींड ज्यांच्या कानांत आहे त्यांना या खेचकामाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. एका आघातानंतर स्वर कोठे थांबतो यापेक्षा तो तेथवर कसा जातो, याला ब्लूजमध्ये महत्त्व असते.

फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी केल्यावर अनेक गोष्टी एकाच वेळी उलटतात. या गिटारमध्ये घोडीजवळचा पिकअप तिरका बसविलेला असतो. मूळ रचनेत तो बारीक तारांचा ध्वनी घोडीच्या जवळून आणि जाड तारांचा किंचित दुरून टिपतो. उलटल्यावर हे नाते फिरते. जाड तारांना धार येते आणि बारीक तारांचा स्वर अधिक गोल होतो. स्वर डळमळविणारा ट्रेमोलोचा दांडा आणि आवाजाच्या चाव्या वरच्या बाजूला, तळहाताच्या सहज टप्प्यात येतात. गरिबीतून आलेली एक तडजोड अशा रीतीने स्वरशैलीचा घटक बनली. पुढे हवी ती गिटार विकत घेण्याची ऐपत आल्यावरही त्याने हीच पद्धत बहुधा कायम ठेवली, यावरून तिचे लाभ त्याला उमगले होते असे म्हणता येईल.

त्याचे हात मोठे होते. गिटारच्या दांडीवरून अंगठा पलीकडे वळवून तो खर्जाच्या तारेवरील स्वर दाबीत असे. शास्त्रीय गिटारचे शिक्षक ही सवय चुकीची मानतात. तिच्यामुळे चारही बोटे मोकळी राहत आणि खर्ज, स्वरसंघात व चाल ही तिन्ही अंगे एकाच हातातून निघत. तिघांच्या वाद्यवृंदात दुसरा गिटारवादक वा पियानोवादक नसतानाही जो भरणा ऐकू येतो त्याचे रहस्य यात आहे. शिवाय तो सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावीत असे. त्यामुळे तारा सैल होऊन खेचणे सुकर होई आणि त्याच्या गाण्याच्या पट्टीलाही ते मानवे. स्वतःच्या गळ्याविषयी तो साशंक होता. बॉब डिलनचा रूढ अर्थाने गोड नसलेला आवाज ऐकूनच त्याला गाण्याचे धैर्य आले.

‘पर्पल हेझ’ (१९६७) या गीताच्या आरंभी षड्जावर तीव्र मध्यम आपटावा तसे दोन स्वर एकमेकांना भिडतात. त्याच गीतात वारंवार येणारा स्वरसंघात आज गिटारवादकांत हेंड्रिक्सच्याच नावाने ओळखला जातो. त्यात शुद्ध आणि कोमल गंधार एकाच झंकारात वाजतात. जाझचे वादक हा स्वरसंघात पूर्वीपासून जाणत होते, म्हणजे शोधाचे श्रेय त्याला देता येत नाही. पण ब्लूज गाणारा गळा या दोन गंधारांच्या मधल्या प्रदेशात वावरतो, आणि पडद्यांनी बांधलेल्या वाद्यावर त्या प्रदेशाची जाणीव करून द्यायची तर दोन्ही गंधार एकदम वाजविणे हा एक मार्ग आहे. लिपी न जाणणाऱ्या माणसाने कानाने केलेली ही मांडणी आहे.

लंडन आणि ‘रानटी’ ही प्रतिमा

१९६६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील एका लहान क्लबमध्ये वाजविताना ‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्रज वाद्यवृंदाचा बेसवादक चास चँडलर याने त्याला ऐकले आणि २४ सप्टेंबर १९६६ रोजी तो त्याला घेऊन लंडनला उतरला. आठवडाभरातच, १ ऑक्टोबरला, एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात हेंड्रिक्सने हाउलिन वुल्फचे ‘किलिंग फ्लोअर’ प्रचंड वेगाने वाजविले. त्या प्रसंगी क्लॅप्टन अवाक् झाल्याची हकिगत सर्वश्रुत आहे. ज्या ब्लूजचा इंग्रज तरुण ध्वनिमुद्रिकांवरून भक्तिभावाने अभ्यास करीत होते, तो अमेरिकेच्या रस्त्यावर शिकलेला एक वादक त्यांच्यापुढे उभा होता.

लंडनने त्याला कीर्ती दिली आणि एक मुखवटाही दिला. काही वृत्तपत्रांनी त्याला ‘बोर्निओचा रानटी माणूस’ म्हटले. व्यवस्थापकांना ही प्रसिद्धी सोयीची होती. ३१ मार्च १९६७ रोजी लंडनच्या अ‍ॅस्टोरिया सभागृहात त्याने प्रथम गिटार पेटविली. ही कल्पना प्रसिद्धीच्या हेतूने एका पत्रकाराने सुचविली होती. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात तीच कृती पुन्हा झाली आणि ती जगभर पोहोचली. त्याच दिवशी दुपारी पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले होते. गिटार जाळण्याचा तो प्रकार पाहून आपल्याला अतिशय क्लेश झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आणि दसऱ्याला त्याची पूजा करणाऱ्या आपल्या वाचकांना त्यांची व्यथा समजावून सांगावी लागणार नाही. मात्र एक तपशील न्यायाने नोंदविला पाहिजे. शेवटच्या गाण्यापूर्वी हेंड्रिक्सने आपली आवडती काळी गिटार बाजूला ठेवून दुसरी घेतली होती. उन्मादात हरवलेल्या माणसाची ही रीत नव्हे. आपण जे प्रिय ते अर्पण करतो, असे त्याचे स्वतःचे समर्थन होते. ते पूर्णतः स्वीकारावे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही, कारण प्रिय ती गिटार सुखरूप होती.

या मुखवट्याआड लंडनमध्ये जे घडत होते ते अधिक मोलाचे होते. जिम मार्शल यांच्या कारखान्यातील शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर त्याने स्वीकारले. त्याच्या वाद्यवृंदातील जाझच्या वळणाचा ढोलवादक मिच मिचेल याने पूर्वी याच मार्शल यांच्या दुकानात काम केले होते. ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात ध्वनीवर काम केलेला रॉजर मेयर हा तरुण तंत्रज्ञ त्याच्यासाठी नवी उपकरणे घडवू लागला. मूळ स्वरात वरच्या सप्तकातील स्वर मिसळणारे ‘ऑक्टेव्हिया’ हे उपकरण त्याचेच. ‘पर्पल हेझ’च्या गिटारवादनात ते ऐकू येते. ध्वनिवर्धकाच्या कंपनांनी गिटारची तार पुन्हा थरथरते, तो थरथराट पुन्हा वर्धित होतो आणि एक न संपणारा स्वर निर्माण होतो, यास फीडबॅक म्हणतात. इतर वादकांनी त्याचा वापर आधी केला होता. हेंड्रिक्सने ध्वनिवर्धकापासूनचे अंतर आणि शरीराचा कोन बदलून तो ताब्यात आणला. आघातानंतर विरत जाणे ही गिटारची उपजत मर्यादा. या युक्तीमुळे तिला व्हायोलिनसारखा किंवा गळ्यासारखा दीर्घ स्वर लाभला.

या तंत्राचा सर्वांत गंभीर उपयोग १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक येथे झाला. अमेरिकेचे राष्ट्रगीत त्याने एकट्याच्या गिटारवर वाजविले. गीतातील बाँबगोळ्यांच्या उल्लेखापाशी ट्रेमोलोचा दांडा दाबून त्याने गोळ्यांचे फुटणे आणि आकाशातून कोसळणे स्वरांत आणले. मध्येच सैनिकांच्या अंत्यविधीच्या बिगुलाची धून पेरली. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते आणि वाजविणारा एकेकाळचा छत्रीधारी सैनिक होता. हे वादन उत्स्फूर्त लहर होती असे समजले जाते. पण त्यापूर्वी अनेक कार्यक्रमांत त्याने ते वाजविले होते. पुढे दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या वादनास रूढीबाह्य म्हटले गेले, तेव्हा आपल्याला ते सुंदर वाटले, असे शांतपणे त्याने उत्तर दिले.

ध्वनिमुद्रणकक्ष : लिपीचा पर्याय

स्वरलेखन न येणारा रचनाकार आपली रचना कोठे ‘लिहितो’? हेंड्रिक्सच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर ध्वनिफीत असे द्यावे लागते. जानेवारी १९६७ मध्ये ‘द विंड क्राइज मेरी’ हे गीत एका सत्राच्या शेवटी उरलेल्या सुमारे वीस मिनिटांत मुद्रित झाले. १९६८ मध्ये ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या संचासाठी काम करताना ‘जिप्सी आइज’ या एका गीताची चाळीसहून अधिक आवर्तने झाली. हा अट्टहास असह्य होऊन चँडलर बाहेर पडला. चँडलरची अडचण समजण्यासारखी आहे. मुद्रणकक्षाचे भाडे तासावर असते. परंतु हेंड्रिक्स जे करीत होता ते खर्डा लिहिणे होते. कागदावर खाडाखोड करणाऱ्या रचनाकाराला कोणी उधळ्या म्हणत नाही.

एडी क्रेमर या तंत्रज्ञाच्या साहाय्याने त्याने ध्वनिफितीलाच वाद्य बनविले. फीत उलटी फिरवून त्यावर वाजविलेले आलाप ‘आर यू एक्सपीरियन्स्ड?’ या गीतात आहेत. उलट्या फितीवर कोणता स्वर कोठे पडेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असे, असे क्रेमरने नमूद केले आहे. लंडनमध्ये चार मार्गिकांवर मुद्रण करणारा हेंड्रिक्स न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट या मुद्रणकक्षात बारा मार्गिकांपर्यंत पोहोचला. १९६८ मधील समुद्रतळाविषयीच्या त्याच्या दीर्घ रचनेत गिटारचे आवाज पक्ष्यांसारखे ऐकू येतात. तोपर्यंत त्याला गिटार कमी पडू लागली होती.

लिपीच्या अभावाची झळ त्याला वेगळ्याही रीतीने लागली. १५ ऑक्टोबर १९६५ रोजी, नाव झालेले नसताना, त्याने एका निर्मात्याशी एक डॉलर मोबदल्यात आणि एक टक्का स्वामित्वधनावर तीन वर्षांचा करार केला होता आणि तो तो विसरूनही गेला होता. कीर्ती मिळाल्यावर तो करार पुढे आला. दाव्याच्या तडजोडीपोटी १९७० मध्ये ‘बँड ऑफ जिप्सीज’ हा संपूर्ण संच त्याला देऊन टाकावा लागला. बिली कॉक्स आणि ढोलवादक बडी माइल्स यांच्यासह वाजविलेली ‘मशीन गन’ ही युद्धविरोधी रचना याच संचात आहे. अनेकांच्या मते ते त्याचे सर्वश्रेष्ठ वादन होय, आणि प्रस्तुत लेखकाचे मत याहून भिन्न नाही.

तासाच्या भाड्यापासून सुटका म्हणून त्याने न्यूयॉर्कमध्ये ५२, वेस्ट एट्थ स्ट्रीट येथे स्वतःचा मुद्रणकक्ष बांधला. एका बंद पडलेल्या नाइट क्लबची ती जागा. जॉन स्टोरिक या तरुण वास्तुविशारदाने तिची रचना केली, खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला आणि त्यासाठी ध्वनिमुद्रिका कंपनीकडून कर्ज काढावे लागले. कोणा एका वादकाने स्वतःच्या मालकीचा असा सुसज्ज मुद्रणकक्ष उभारणे त्या काळात अपूर्व होते. कृष्णवर्णीय वादकाने तो उभारणे त्याहून अधिक. २६ ऑगस्ट १९७० रोजी ‘इलेक्ट्रिक लेडी’चे औपचारिक उद्घाटन झाले. लगेच तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. ६ सप्टेंबरला जर्मनीतील फेमार्न बेटावर त्याचा अखेरचा जाहीर कार्यक्रम झाला आणि १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. आपल्या मुद्रणकक्षात त्याला काम करायला मिळाले ते एका उन्हाळ्यापुरते. दोन वर्षांत स्टीव्ही वंडरने तेथे आपले महत्त्वाचे संच मुद्रित केले, आणि ती वास्तू अद्याप कार्यरत आहे.

अखेरच्या महिन्यांतील त्याची आकांक्षा कोणती होती? मृत्यूच्या काही दिवस आधी प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्याने मोठ्या वाद्यवृंदाची, सक्षम वादकांकडून आपल्या रचना वाजवून घेण्याची इच्छा व्यक्त केली होती. लंडनमधील ज्या ब्रूक स्ट्रीटवर तो १९६८-६९ मध्ये राहिला, तेथे शेजारच्या घरात अठराव्या शतकात हँडेल राहत असे. हे कळल्यावर त्याने हँडेलच्या ध्वनिमुद्रिका विकत आणल्या. माइल्स डेव्हिस या जाझच्या अग्रणी वादकाने आत्मचरित्रात लिहिले आहे की, हेंड्रिक्सला स्वरलेखन येत नसे, परंतु पियानोवर एकदा वाजवून दाखविलेले तो तत्क्षणी उचलत असे. डेव्हिसचा सहकारी, संगीतनियोजक गिल एव्हान्स, याच्याबरोबर एकत्र काम करण्याविषयी बोलणी ठरली होती. भेट होण्याआधीच हेंड्रिक्स गेला. लिपी जाणणाऱ्या माणसांची त्याला गरज भासू लागली होती, आणि तीत त्याला कमीपणा वाटत नव्हता.

१९७४ मध्ये गिल एव्हान्सने आपल्या वाद्यवृंदासह हेंड्रिक्सच्या रचनांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. कानाने जुळविलेले ते संगीत वाद्यवृंदातील सहकाऱ्यांनी स्वरलेखनात उतरविले होते. ‘वूडू चाइल’ या गिटारप्रधान रचनेत मुख्य चाल हॉवर्ड जॉन्सन या वादकाने ट्यूबा या खर्जातील अवजड पितळी वाद्यावर वाजविली आहे.